पट्टा अडला आणि मी धावलो

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे; पण शेत मी आयुष्यात पाहिलेले नाही. मी विमानतळावरचा. विमानातून उतरलेल्या सामानाच्या गाड्या एकामागे एक जोडून ओढायच्या, हे माझे काम. आमच्या राष्ट्रीय विमान कंपनीकडे अवघी तीन विमाने होती, तेव्हापासून मी तिच्या चाकरीत आहे. म्हणून मी तिला ‘आमची कंपनी’ म्हणतो, आणि कुणी हसले तरी म्हणणार.

माझे चालक मामा. ते नक्की कुणाचे मामा, कोण जाणे. पण वैमानिकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांची एक खोड होती. ते मला कधीही उलटे चालवत नसत. जे विमान वाटेत आधी लागणार, त्याची गाडी ते सर्वांत शेवटी जोडत. पहिल्या विमानापाशी शेवटची गाडी सोडायची, पुढच्यापाशी तिच्या आधीची, की न थांबता पुढे! एक पाहुणा अभियंता हे तासभर बघत उभा राहिला होता. तेव्हा जो मी फुगलो, तो आजही फुगलेलाच आहे.

पुढे कंपनी वाढली, नवे टर्मिनल उभे राहिले. अकरा लहान गावांची विमाने सकाळी इथे उतरणार आणि पन्नास मिनिटांत त्यांतले प्रवासी परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानांत बसणार, असा बेत ठरला. सामानासाठी जमिनीखालून सरकता पट्टा आला आणि माझी रवानगी शेडमागे झाली. माझ्या सीटखाली मांजर व्यायले, तेवढीच सोबत. खरे सांगतो, फार वाईट वाटले. फक्त मामा रोज सकाळी येऊन दहा मिनिटे माझे इंजिन चालवत.

“मामा, निवृत्त झालेल्याला रोज कशाला उठवता?” विमानतळाच्या प्रमुख बाई हसून विचारत.

“उठवलं नाही तर झोपूनच राहील हो, बाई.”

नव्या टर्मिनलच्या उद्घाटनाच्या दिवशी मात्र बाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. एका बड्या परदेशी कंपनीचे दोन अधिकारी पाहणीला आले होते. त्यांना आमचे काम पटले, तर त्यांचे प्रवासी आमच्या विमानांनी पुढे जाणार होते. नाही पटले, तर अकरापैकी सात गावांची सेवा बंद करायची, असे वरून ठरले होते. त्या गावांसाठी बाईंनी आठ वर्षे वरिष्ठांचे उंबरठे झिजवले होते.

आता आमच्या शहाण्यांची चूक ऐका. पट्ट्याची चाचणी महिनाभर चालली होती. त्यासाठी कर्मचाऱ्यांनी घरून आपापल्या बॅगा आणल्या होत्या. विमान कंपनीतली माणसे ती! सगळ्यांच्या बॅगा टणक, चाकांच्या, एका मापाच्या. पट्टा पहिल्या नंबराने पास झाला. लहान गावातला माणूस काय काय बांधून आणतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही आले नाही.

पहिल्या विमानातून दोरीने आवळलेली गाठोडी उतरली, गुंडाळलेली गादी उतरली, गोणपाटात शिवलेले शिलाई मशीन उतरले. एका गाठोड्याची दोरी रोलरमध्ये गेली आणि पट्टा जागच्या जागी बसला.

“किती वेळ?” बाईंनी तंत्रज्ञाला विचारले.

“दोन तास तरी, बाई.”

मामा पुढे झाले. “बाई, आपला म्हातारा जागा आहे. काढू का?”

“काढा मामा! आज माझी लाज राखा.”

एका किल्लीत मी सुरू झालो. हमालांनी अडकलेले सामान हाताने ओढून काढले. बाकीच्या विमानांचे तर पट्ट्याकडे गेलेच नाही, थेट माझ्या गाड्यांत आले. मामांनी आपल्या पद्धतीने गाड्या जोडल्या आणि मी असा निघालो, की सीटखालची मांजरेही दूर पळाली. परदेशी जाणारे पहिले मोठे विमान, गाडी सुटली. दुसरे, सुटली. तिसरे, सुटली. चौथ्या विमानाच्या शिडीवर एक शिंपीणबाई ठाण मांडून होत्या. “माझं मशीन आत गेल्याशिवाय मी आत जायची नाही!” त्या हवाई सुंदरीला बजावत होत्या. परदेशातल्या नोकरीवर त्या स्वतःचे मशीन घेऊन निघाल्या होत्या. मला पाहताच त्या ओरडल्या, “अगं बाई, आलं की!”

पन्नास मिनिटे दिली होती. आम्हाला बेचाळीस लागली. एक गाठोडेसुद्धा मागे राहिले नाही.

“तुमची पर्यायी व्यवस्था उत्तम आहे,” पाहुणे म्हणाले.

“व्यवस्था कसली साहेब? हे आमचे मामा आणि हा त्यांचा ट्रॅक्टर,” बाई म्हणाल्या. पाहुण्यांनी त्याच दुपारी सही केली, आणि बाई सगळ्यांदेखत माझ्या बॉनेटवर हात ठेवून रडल्या.

मित्रांनो, नवी यंत्रे जरूर आणा. पण त्यांची परीक्षा खऱ्या माणसांच्या खऱ्या ओझ्याने घ्या, आणि जुन्या यंत्राचे तेलपाणी तोडू नका. सात गावे बंद होणार होती. आज अकराची एकोणीस झाली आहेत, आणि गाठोडी नियमानेच माझ्याकडे येतात. आता जरा बाजूला व्हा. विसाव्या गावाचे पहिले विमान उतरते आहे!