सोमवारचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना माउथ ऑर्गन आहे. दहा छिद्रांचा, लाकडी अंगाचा, आत थरथरून सूर काढणाऱ्या पितळी पट्ट्यांचा. वरच्या पत्र्यावरची नक्षी बोटांनी घासून गुळगुळीत झाली आहे, त्यावरून माझ्या वयाचा अंदाज करा. बहुतेक वाद्यं माणसाच्या हातात असतात, मी तोंडात असतो. त्यामुळे तो काय वाजवतो ते सगळ्यांना ऐकू येतं, पण तो श्वास कसा घेतो ते फक्त मला ऐकू येतं. या गोष्टीचा मला पूर्वी फार अभिमान होता.

माझा जन्म जर्मनीतला. तिथून बोटीने आणि मग रेल्वेने मी मिसिसिपीतल्या एका लहान गावात आलो. दुकानाच्या काचेमागे वर्षभर धूळ खाल्ल्यावर क्लिओटिस टाटमने मला विकत घेतलं. तो चोवीस वर्षांचा होता आणि गावच्या सरकीच्या तेलाच्या गिरणीत कामाला होता. घरी नेल्या नेल्या त्याने मला पेलाभर पाण्यात बुडवलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण माझं लाकूड फुगलं, फटी बुजल्या आणि आवाज असा दणदणीत निघाला की माझा मीच चकित झालो. फुगलेल्या लाकडाने त्याचे ओठ सोलवटले, पण त्याची त्याला पर्वा नव्हती.

मित्रांनो, ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, वाजवणारे मला फुंकतात कमी आणि ओढतात जास्त. त्यातला सगळा जीव चौथ्या छिद्रात असतो. हवा आत ओढायची, सूर धरायचा आणि हळूच खाली वाकवायचा. क्लिओटिसने तो सूर वाकवला की मिस ओराच्या खाणावळीच्या लाकडी खोपटात शनिवारी संध्याकाळी तळलेला मासा खाणारे लोक घास हातात धरून बसत. त्याचा दोस्त पर्व्हिस गिटार वाजवायचा. तो म्हणायचा, "लेका, थोडी हवा आमच्यासाठी ठेव."

गिरणीत सरकीवर उरलेली कापसाची लव ओरबाडणारी यंत्रं होती. क्लिओटिस तिथे काम करायचा. त्या दालनात पांढरी भुकटी इतकी उडायची की समोरचा माणूस पुसट दिसे. दुपारच्या सुट्टीत तो दाराशी बसून मला वाजवायचा. म्हणजे जी भुकटी बाकीचे नाकाने घेत, ती तो छाती भरभरून ओढायचा.

मी क्लिओटिसकडे आल्याच्या सातव्या वर्षी मला पहिल्यांदा ते ऐकू आलं. सोमवार होता. सूर ओढताना आत खोलवर काहीतरी घरघरलं. मंगळवारी छाती मोकळी होती. गिरणीतले लोक याला सोमवारचा ताप म्हणत आणि हसण्यावारी नेत. रविवारच्या सुट्टीनंतर अंग कुरकुरतं, एवढंच. मीही तसंच समजलो. पण पुढच्या वर्षी ती घरघर मंगळवारीही आली. मग बुधवारी. दर हिवाळ्यात ती एकेक दिवस पुढे सरकत होती, आणि शनिवारपर्यंत किती दिवस उरले हे मी मोजत होतो. मला फार भीती वाटे. पण मी पडलो वाजणारी वस्तू. मला सूर काढता येतो, सांगता येत नाही.

अशात मेम्फिसहून एक गाण्यांच्या तबकड्या काढणारा माणूस क्लिओटिसला ऐकायला येणार असं कळलं. त्याला पसंत पडलं तर गिरणी कायमची सुटणार होती. क्लिओटिस महिनाभर त्याच आनंदात होता. शनिवारी तो माणूस मिस ओराकडे आला, पुढच्या बाकावर बसला. क्लिओटिसने चौथा सूर ओढला, धरला, आणि तो वाकायच्या आधीच तुटला. दुसऱ्यांदाही तुटला. पाहुण्याने उरलेला मासा सावकाश संपवला, टोपी घातली आणि तो निघून गेला. घरघर शनिवारपर्यंत पोचली होती.

वाजवणाऱ्यांची एक खोड असते. सूर अडला की त्यांना पहिला संशय पट्टीवर येतो, कारण आमच्या पट्ट्या खरोखरच थकून मरतात. क्लिओटिसने मला तळहातावर आपटलं, रात्रभर पाण्यात ठेवलं, शेवटी नवा माउथ ऑर्गन आणला. त्याचाही चौथा सूर तुटला. "हल्ली मालच भिकार येतो," असं म्हणून त्याने आम्हा दोघांनाही टेबलावर फेकलं आणि मला चुलीत टाकायला बायकोला सांगितलं.

त्याची बायको विला मे चर्चमध्ये गाणारी होती. ब्लूज हे सैतानाचं संगीत असं तिथे मानत, म्हणून लग्नानंतरच्या बारा वर्षांत तिने मला बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्या दिवशी तिने मला उचललं, ॲप्रनने पुसलं आणि नवऱ्याला विचारलं, "चौथं छिद्र कोणतं?"

त्याने बोट ठेवून दाखवलं. तिने डोळे मिटून श्वास ओढला. मित्रांनो, तो सूर असा भरघोस आणि अखंड निघाला की टेबलावरचा पेला किणकिणला. एवढं चांगलं मी कित्येक वर्षांत वाजलो नव्हतो, आणि एवढं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

क्लिओटिसने मला तिच्या हातातून घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं.

"याला काही झालेलं नाही," विला मे म्हणाली.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "गिरणीला कळलं तर काम जाईल. घर त्यांचंच आहे."

सोमवारी भोंगा झाला आणि तो कामावर गेला. दुसऱ्या हिवाळ्यात त्याला पुरलं. लोक म्हणाले, न्यूमोनिया. विला मेने त्याचं ऐकलं, कुणाला काही सांगितलं नाही. घर सोडावं लागलं तेव्हा ती बहिणीकडे निघून गेली आणि जाताना मला पर्व्हिसच्या हातात ठेवून गेली. ती काहीतरी सांगायला थांबली होती, पण तेवढ्यात गाडी आली.

पर्व्हिस मला जपतो. रोज पुसतो, कापडात गुंडाळतो. क्लिओटिसची आठवण म्हणून तो माझ्यावर ब्लूज शिकला. गिरणीने त्याला क्लिओटिसची जागा दिली, त्यालाही आता काही वर्षं झाली. त्या दालनात पगार थोडा जास्त मिळतो, म्हणून तो खुशीत आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मला तर छान जपलं जातंय. माझी विनंती वेगळीच आहे. काल सोमवार होता. दुपारच्या सुट्टीत पर्व्हिसने दाराशी बसून चौथा सूर ओढला आणि आत खोलवर काहीतरी घरघरलं. त्याने मला तळहातावर दोनदा आपटलं आणि तो शेजाऱ्याला म्हणाला, "जुना झाला बिचारा. पट्टी गेली वाटतं."

तुमच्यापैकी कुणाला बोलता येत असेल, तर त्याला सांगा. पट्टी चांगली आहे.