मांडीतल्या भट्ट्या

मुलानं माझे बूट लपवले, दाराला बाहेरून किल्ली फिरवली आणि सुनेला घेऊन कामावर गेला. महिनाभर हेच चाललंय. कारण काय, तर मी बाथरूममध्ये घसरलो. ओल्या फरशीवर तोही घसरला असता. पण तो पंचेचाळीसचा, म्हणून ते नुसतं घसरणं. मी बहात्तरचा, म्हणून ते लक्षण.

चौतीस वर्षं मी कारखान्यात बॉयलर सांभाळला. म्हणूनच, अंगातल्या भट्ट्यांचं ऐकून, इस्पितळातल्या व्यायामाच्या अभ्यासात नाव घातलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुईनं माझ्या मांडीतला मांसाचा कण काढला. म्हणाल्या, "काका, स्नायूंच्या पेशींत बारीक भट्ट्या असतात. बसून राहिलात की थंडावतात. बारा आठवडे सायकल मारा, मग पुन्हा कण काढू. या वयातही भट्ट्या वाढतात का, ते बघू."

आठ आठवडे मारली. मग हे कुलूप.

"बाबा, आता आराम करा," सून म्हणाली.

"बंद पडलेला बॉयलर पाहिलायस? गंजतो."

"झालं यांचं बॉयलरपुराण सुरू!" मुलगा हसला. किल्ली खिशात.

मारून कोंडलं असतं तर ओरडलो तरी असतो. प्रेमानं कोंडलेल्याला शेजारी म्हणतात, नशीबवान आहात.

बॉयलरवाला आग विझू देत नाही. काम नसलं तरी राखेखाली निखारे दाबून ठेवतो. मीही ठेवले. खुर्चीतून ऊठ, बस, ऊठ, बस. रोज तीनशे.

"बाबा, घरात बसून शर्ट एवढे कसे भिजतात?"

"मालिका फार थरारक आहे गं."

आज दुसरा कण द्यायचा. चारच्या आत पोचलो नाही तर नाव कटणार. डॉक्टरीणबाईंना फोन केला, येतोय म्हणून. त्या खात्रीसाठी मुलाला विचारतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

भाजीच्या सुरीनं लॉकचे चार स्क्रू काढले. स्लिपरवर निघालो. पाचवा मजला, लिफ्ट बंद.

दुसऱ्या मजल्यावर मुलगा समोर आला. धावत चढला होता. कठडा धरून मधल्या पायरीवरच बसला, वाट अडवून. तोंडातून शब्द फुटेना. बोटानं मात्र खुणावलं: वर चला.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझा श्वास जागेवर होता.

"दम खा आधी. बूट कुठायत?"

"गाडीच्या... डिकीत."

मी त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला आणि त्याचे पाय ओलांडले.