अंगाचा धनी

नबीलालचा तेलाचा हात शिवशरण पैलवानाच्या पाठीवरून खांद्याकडे सरकला आणि अंगठा मध्येच थबकला. डाव्या खांद्याच्या खोबणीत हाड सैल होतं. वरून पाहाल तर माणूस म्हणजे नुसता वड. पण आतला सांधा निसटायला टेकलेला. एक जोराचा हिसका बसला, की आटपला कारभार.

नबीलालला असा काही आनंद झाला, की त्याची त्यालाच लाज वाटली. खोटं कशाला बोला, फारशी नाही वाटली.

याच शिवशरणनं त्याच्या धाकट्या भावाचा, करीमचा, उजवा हात मोडला होता. पंच 'सोड, सोड' म्हणून ओरडत असताना, साऱ्या आखाड्यादेखत, वर हसत. हात वाळला, मागावरचं विणकाम सुटलं. आता बायको, अनवरी, भाकरी कुस्करून देते तेव्हा करीम मान वर करत नाही. आणि हा बेशरम गड्ड्याच्या जत्रेतल्या कुस्तीआधी मालिशीला आला, तो नेमका नबीलालकडे! त्याला काय भीती? नबीलालच्या हाताखाली पडलेल्या अंगाला दगा होत नाही, हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक.

ती शिकवण नबीलालच्या म्हाताऱ्या वस्तादांची, तात्याबांची. त्यांना त्यांच्या वस्तादांनी दिलेली, त्यांना आणखी कुणी. आखाड्याची माती जितकी जुनी, तितकी ही विद्या जुनी. नबीलालच्या तळव्यावर पहिल्यांदा तेल ओतताना तात्याबांनी बजावलं होतं, की अंग हाताला जे सांगेल ते अंगाच्या धन्यालाच सांगायचं. दुसऱ्या कुणाला नाही, आणि धन्यापासून लपवायचंही नाही.

तालमीत दोघंच होते. नबीलालनं हात पुसले.

"पैलवान, डावा खांदा निसटाय आलाय. औंदा लढू नगा."

शिवशरण कुशीवर वळला. नबीलालच्या तोंडाकडं त्यानं बराच वेळ निरखून बघितलं.

"मला भ्या घालून घरी बसवतूस व्हय? भावाचा सूड घेतूस?"

चोराच्या मनात चांदणं! नबीलालनं पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द. शिवशरण धोतर सावरून, शिव्या हासडत निघून गेला. दाराबाहेर, जत्रेत शिवशरणशी लढणार असलेल्या अक्कलकोटच्या पैलवानाचा माणूस, सिद्धाप्पा, घुटमळत होता. शिवशरणचं कुठं दुखतं का, एवढंच त्याला हवं होतं. नबीलालनं त्याला असा फैलावर घेतला, की तो बिचारा पायताण घालायचंही विसरला.

म्हणजे शिकवण पाळली की नाही? पाळली. त्या दिवशी नबीलाल पोटभर जेवला.

जत्रेत कुस्ती लागली आणि अक्कलकोटकरानं सहज म्हणून डावा हात धरून ओढला. त्याला कुठलं काय माहीत! शिवशरणची किंकाळी पार लांबच्या दुकानांपर्यंत ऐकू गेली. लोकांनी त्याला बाजेवर घातलं आणि आणलं ते थेट नबीलालच्या घरी, कारण हाड बसवायला दुसरीकडे न्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बाजेवर तो लेकरासारखा रडत होता. ह्यानं मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, असं येईल त्याला सांगत होता. माणसं नबीलालकडे कौतुकानं बघू लागली. वैऱ्यालासुद्धा खरं सांगणारा माणूस! नबीलालनं तेलाची वाटी जवळ ओढली. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर पडलं होतं, आणि वर शाबासकीही मिळत होती.

माणसं पांगल्यावर भिंतीला टेकून बसलेला करीम उठला.

"भाई, तू याला खरंच सांगितलं हुतंस?"

"सांगितलं. जे हुतं तेच सांगितलं."

करीम भावाला लहानपणापासून ओळखत होता. त्यानं शिवशरणच्या लोंबणाऱ्या हाताकडं पाहिलं, मग नबीलालकडं.

"सांगताना हसला हुतास?"

नबीलालला खोटं बोलता आलं असतं. शिवशरण डोळे मिटून कण्हत होता, त्याला काही ऐकू जात नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "त्यानं इस्वास ठिवू न्हाई म्हणूनच हसलो."

करीमनं डाव्या हातानं उशी ओढली आणि पैलवानाच्या मानेखाली सरकवली. त्याला जमायला वेळ लागला, पण नबीलालनं मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यानं तो बाजूला सारला.

"ह्याला तू हात लावू नगंस, भाई," तो म्हणाला. "म्या तात्याबांना घिऊन येतो."