चिकटवलेलं उत्तर

"हा प्रश्न पूर्वी झालेला आहे. सर्वांत वर चिकटवलेलं उत्तर वाचावं." एवढं लिहून ग्लेनिसनं चर्चेला कुलूप घातलं आणि गॅसवरचं सूप ढवळायला गेली.

वारिंगा गावच्या नाववाल्यांचा तो ऑनलाइन फोरम तिच्या नवऱ्यानं, रॉसनं सुरू केला होता. तो गेल्यापासून ग्लेनिसच तो सांभाळत होती. शिवीगाळ पुसायची, तेच तेच प्रश्न बंद करायचे. कुलूप घातलेली चर्चा कुणालाही वाचता येई. तिच्यात लिहिता मात्र कुणालाच येत नसे.

विलियामी नावाच्या नव्या सभासदानं विचारलं होतं, "नदीच्या मुखावरचा वाळूचा दांडा ओलांडून समुद्रात कसं जायचं? वरचं उत्तर वाचलं, पण ते नऊ वर्षांपूर्वीचं आहे. अजून तसंच आहे का?"

ते उत्तर रॉसचं होतं. 'किनाऱ्यावरचे दोन पांढरे खांब एका रेषेत धरा आणि सरळ बाहेर पडा.' त्याखाली दोनशेवर लोकांनी आभार मानले होते. कालचा आलेला माणूस त्यावर शंका घेतो, हे ग्लेनिसला लागलं होतं.

जेवताना त्याचा खाजगी निरोप आला. "माफ करा हं मॅडम, उगाच त्रास दिला. उत्तरात आहे तसंच जातो. उद्या सकाळी बायको पण येतेय. तिला माझ्यापेक्षा जास्त मासे मिळतात, वर दिवसभर ऐकवते!"

ग्लेनिस हसली. 'शुभेच्छा', तिनं लिहिलं.

सकाळी ती टोस्टला लोणी लावत असताना फोन वाजला. मर्व होता. कोळंबीच्या बोटीवर जन्म काढलेला, रॉसचा जुना दोस्त.

"अगं बये, त्या पोराच्या चर्चेला कुलूप कशाला घातलंस? आत्ता वाचलं. मी लिहायला गेलो तर घेईचना!"

"उत्तर आहे की वर. रॉसचं."

"रॉसच्या वेळचा दांडा राहिलाय कुठे? मार्चच्या पुरानं सगळी वाळू उत्तरेला ढकलली. खांबांच्या रेषेत आता कमरेएवढं पाणी आहे, ग्लेनिस."

तिच्या हातातली सुरी तशीच राहिली. "तू कधी बोलला नाहीस."

"कुणी विचारलं तर बोलू ना! काल एकानं विचारलं, तर तू त्याचं तोंड बंद केलंस." मग त्यानं विचारलं, "कधी जाणार म्हणाला तो?"

"आत्ता."

खुंटीवर रॉसचा नारिंगी रेनकोट होता. तो ओढून घेऊन ती गाडीकडे धावली.

मर्व तिच्या आधी नदीच्या मुखाजवळच्या बंधाऱ्यावर पोचला होता. "रेडिओवर हाका मारतोय. घेत नाही," तो म्हणाला. "बचाववाल्यांना कळवलंय. निघालेत."

खाली ॲल्युमिनियमची छोटी नाव मुखाकडे चालली होती. अगदी खांबांच्या रेषेत, रॉसनं सांगितलं होतं तश्शी. समुद्र वरून शांतच दिसत होता. पण लांबून आलेली लाट पायाखाली वाळू लागेपर्यंत उठत नाही, आणि उठली की वळायला वेळ देत नाही.

ग्लेनिसनं रेनकोट डोक्यावर धरून हलवला. "मागे फिरा! अहो, मागे फिरा!"

वारा समुद्राकडून येत होता. तिचा आवाज तिच्याच तोंडावर परतत होता.

नावेतल्या बाईचं लक्ष गेलं. तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसून वर दाखवलं आणि दोघांनी हसून हात हलवले.

मग नावेचं नाक वर गेलं. तळ दिसला, लाल रंगाचा. लाट फुटल्याचा आवाज त्यानंतर आला.

मर्व नुसता म्हणाला, "गाडीत बस, ग्लेनिस." ती बसली नाही.

विलियामीला बचाववाल्यांनी दुपारच्या आत जिवंत बाहेर काढलं. त्याच्या बायकोचा शोध अंधार पडल्यावर थांबवला.

घरी येऊन ग्लेनिसनं चर्चेचं कुलूप काढलं. लिहिण्याची चौकट पुन्हा उघडी झाली. पुष्कळजण फोरमवर आलेले दिसत होते, पण कुणी काही लिहीत नव्हतं. मग तिनं स्वतःच लिहिलं: 'खांबांच्या रेषेत जाऊ नका. वाळू हलली आहे. हे काल विचारलं होतं. मी उत्तर देऊ दिलं नाही.'

नंतर तिनं वर चिकटवलेलं उत्तर तिथून सोडवलं. पान एकदा हललं, आणि रॉसचे शब्द आपल्या तारखेच्या जागी, नऊ वर्षं खाली जाऊन बसले.