टणक चाकं

गब्बूच्या घरचं पोट फुग्यांवर चालायचं. तिची आई सजावटीची कामं घ्यायची, नव्या दुकानाला फुग्यांची कमान, कोणाच्या वाढदिवसाला फुग्यांचे खांब. त्यामुळे फुगा किती भरायचा हे गब्बूला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. बोटाने दाबला की जरा आत गेला पाहिजे. टम्म भरलेला फुगा म्हणजे चिडलेला माणूस, नुसता हात लावला तरी फुटतो.

म्हणून इलेक्ट्रिक सायकल घरी आली तेव्हा गब्बूने सगळ्यात आधी चाकं दाबून पाहिली. दगड. मग तिने खाली स्वतःकडे पाहिलं. गब्बू अंगाने चांगली भरलेली होती. ती बाकावर बसली की शेजारची वर उचलली जाते, असं तिची मैत्रीण सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. पण हसणं वेगळं आणि असल्या कडक चाकांवर एवढा ऐवज टाकणं वेगळं.

"आई, चाकं फारच टणक आहेत गं."

आई कमानीची तार वाकवत होती. "मग थोडी हवा सोड. दाबलं की आत जायला नको का?"

गब्बूने सोडली. फुस्स. ऊन कडक असेल त्या दिवशी अजून थोडी, कारण उन्हात फुगे आधी फुटतात हे घरात कुणाला सांगायला लागत नव्हतं.

पहिले काही दिवस गब्बू हवेतच होती. शाळा टेकडीवर. आजवर तो चढ ती धापा टाकत चढायची आणि मैत्रिणी वळणावर उभ्या राहायच्या, चेहऱ्यावर अगदी समजूतदार भाव आणून. त्या समजूतदारपणाचा तिला भयंकर राग यायचा. आता पेडल मारलं की पाठीवर कोणीतरी तळहात ठेवून अलगद ढकलल्यासारखं व्हायचं, आणि वळणावर गब्बू उभी असायची. "या, या, सावकाश या," ती वरून म्हणायची.

आणि मग सायकल दमायला लागली. रात्रभर बॅटरी भरूनसुद्धा परतीच्या वाटेवर हँडलवरच्या छोट्या पडद्यावरचे बॅटरीचे ठोकळे भराभर विझायचे. पुढे पुढे तर जातानाच, नेमकी त्या वळणावर, मोटर गप्प. मोटरशिवाय ती सायकल म्हणजे झोपलेला बैल. ढकलत न्या, आणि मैत्रिणींचा समजूतदारपणा पुन्हा सोसा.

गब्बूला काही कळेना. ती औषधांच्या दुकानातल्या काट्यावर जाऊन उभी राहिली. वजन तेवढंच, उलट किंचित कमी. चढ काही रातोरात वाढलेला नाही. मग झालं काय? तिने दप्तरातून चित्रकलेची वही काढली, कंपास काढला, पाण्याची बाटली काढली. एक दिवस डबासुद्धा घरी ठेवला. त्या दिवशी सायकलही मेली आणि भुकेने गब्बूही. वेणी कापावी का, इथपर्यंत विचार पोचला होता.

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. अंगाने इतका बारीक की पट्ट्याला घरीच जास्तीची भोकं पाडलेली. "हे बघ बेटा," तो म्हणाला, "परत करायची मुदत शनिवारी संपते. रस्त्यात अशी अडकत राहिलीस तर काय उपयोग? देऊन टाकू."

"माझ्यामुळे होतंय का ते?"

बाबाने चष्मा पुसायला घेतला. म्हणजे हो.

शनिवारी ऊन कडक होतं. गब्बूने रडवेल्या तोंडाने सायकल बाहेर काढली आणि सवयीने फुस्स केलं. सायकलचं दुकान शाळेच्याही पुढे. "मी चालवत नेतो," बाबा म्हणाला. "मला काय, काडीला, उडवत नेईल ती."

आई आणि गब्बू बसने पोचल्या. काडीचा पत्ता नाही. बऱ्याच वेळाने बाबा आला, सायकल ढकलत, शर्ट पाठीला चिकटलेला.

"बंद पडली," तो म्हणाला. असा गोंधळलेला बाबा गब्बूने कधी पाहिला नव्हता.

"तुझ्याखाली पण?"

"माझ्याखाली पण."

"मग काल रात्री जास्त जेवलास वाटतं," आई म्हणाली.

गब्बूला आनंद झाला, आणि लगेच डोकं आणखीच चक्रावलं. तिचं वजन नाही, तर मग काय? दुकानवालीने वाकून चाकावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"यात हवा कुठाय?"

"मी सोडते," गब्बू म्हणाली. "फुटू नये म्हणून. म्हणजे, माझं वजन..."

"दाबलं की आत जायलाच हवं ना," आई आपल्या धंद्याच्या जोरावर म्हणाली.

"असं कोणी सांगितलं?"

"फुग्यांचं तसंच असतं."

दुकानवालीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा गब्बूकडे. "वजन जास्त तर हवा जास्त, ताई. चाक बसकं झालं की रस्त्याला चिकटतं, मोटर ओढून ओढून थकते. बाहेरचं टायर जाड असतं, ते फुग्यासारखं ताणलं जात नाही. किती भरायची ते कडेला लिहिलंय."

गब्बूचा विश्वास बसेना. पंप सुरू झाला तशा दोघी मायलेकी मागे सरकल्या आणि आईने कानात बोटं घातली. दुकानवालीने भरलेली बॅटरी लावली. "घरापर्यंत जाऊन इथे परत ये. मग ठरवा."

गब्बू डोळे मिटून बसली. फट्ट व्हायची वाट पाहिली. झालं नाही. खाली हादरे मात्र बसत होते, प्रत्येक खडा जाणवत होता, आणि प्रत्येक खड्याला ती श्वास रोखत होती. उतार गेला, घर आलं, परतीचा चढ आला. वळणावर तिने पडद्याकडे बघायचंच टाळलं. पाठीवरचा तळहात तिथेच होता.

दुकानात बाबाने उरलेले ठोकळे मोजले, चष्मा पुसला, पुन्हा मोजले. निम्म्याहून जास्त होते.

"राहू दे मग," तो म्हणाला.

आता रोज सकाळी गब्बू चाक अंगठ्याने दाबते. अंगठा आत जात नाही. आई दारातून विचारते, "टणक आहे?"

"टणक आहे."

"मला नाही बाई पटत," आई म्हणते आणि कानाकडे हात नेते. खरं तर गब्बूलाही पटलेलं नाही. एक डोळा मिटून ती सायकलवर बसते, आणि वळणावर पोचली की तो उघडते.