माझी धाकटी आणि अतिशहाणा कंपायलर

माझी धाकटी सून कपडे धुण्याच्या मशीनचा मेंदू लिहिते. तळहाताएवढा हिरवा बोर्ड, त्यावर नखाएवढी चिप. पाणी कधी घ्यायचं, कधी फिरायचं, ते धाकटी त्या चिपला लिहून देते. मी चौथीपर्यंतच शिकले, पण माझ्या घरात कोण काय करतंय ते मला कळलं नाही, असं आजवर झालेलं नाही.

त्या दिवशी दुपारी तीनला कंपनीचा साहेब बोर्ड न्यायला येणार होता. बोर्ड चालला नाही तर काम दुसऱ्याला, आणि धाकटीची नोकरी अजून कच्ची. अकरा वाजले तरी बोर्डावर हिरव्याऐवजी लाल दिवा. बंद पडे, सुरू होई, पुन्हा लाल.

"कालपर्यंत चालत होतं हो, आई," ती रडवेली झाली. "आज फक्त कंपायलरला सांगितलं, जरा आटोपशीर कर, वेगात चालव."

"हा कंपायलर कोण?"

"मी लिहिते ते चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम."

माझे चिरंजीव, म्हणजे तिचा नवरा, त्याच धंद्यातले. चहाचा कप घेऊन मागे उभे. "तुझंच काहीतरी चुकलंय," म्हणाले. "कंपायलर चुकत नसतो."

"तू बसून बघणार आहेस का?" मी त्याला म्हणाले. "नाही ना? मग कप विसळ जा."

धाकटी आपल्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती. चिपची आठवण, म्हणजे मेमरी, आधी पुसून कोरी करायची असते. त्यासाठी मेमसेट नावाचं तयार फंक्शन, म्हणजे आयता लिहिलेला तुकडा, मिळतं, पण या चिमुकल्या चिपसोबत ते येत नाही. म्हणून तिने त्याच नावाचं स्वतः लिहिलं होतं: एकेक घर पुसत जायचं, बस्स.

"तू लिहिलंस ते वाचतेयस," मी म्हणाले. "त्याने काय उतरवलंय ते वाचलंस?"

मला अनुभव आहे. पूर्वी माझी पत्रं आमचे हे लिहायचे, अक्षर चांगलं म्हणून. मी नणंदेची चार ओळी खरडपट्टी सांगावी आणि ह्यांनी तिथे लिहावं, 'इकडे सर्व क्षेम.' का, तर थोडक्यात तेच! दोन वर्षांनी कळलं. मग प्रत्येक पत्र टाकायच्या आधी मी स्वतः वाचून बघायला लागले.

धाकटीने कंपायलरने उतरवलेलं उघडलं. वाचता वाचता कपाळावर हात मारला.

"आई, या शहाण्याने माझं पुसणं ओळखलं! त्याला वाटलं, एवढ्या ओळी कशाला, यासाठी तयार मेमसेट आहे की. माझ्या ओळी काढून तिथे 'मेमसेटला बोलवा' लिहिलंय."

"बोलवू दे."

"अहो, पण मेमसेट म्हणजे हेच! हे मेमसेटला बोलावतं, ते पुन्हा मेमसेटला. पुसत कोणीच नाही, म्हणून चिप बंद पडतेय!"

"म्हणजे तुझा नवराच की. काम सांगितलं की 'करवून घेतो' म्हणतो, आणि करणारा दुसरा कोणी नसतोच."

"आई, मला ऐकू येतंय," आतून आवाज.

"ऐकायलाच बोलतेय!"

धाकटीने कंपायलरला बजावलं, माझ्या ओळी ओळखीच्या वाटल्या तरी त्यांच्या जागी तयार फंक्शन घालायचं नाही. अडीचला दिवा हिरवा झाला.

साहेब आला. बिघाड ऐकून चाट पडला. "शाब्बास!" म्हणत चिरंजीवांशी हात मिळवायला वळला, आणि चिरंजीवांनी हात पुढे केलासुद्धा!

"पुढचा बोर्ड कोणाकडे पाठवू?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "माझ्याकडे. चूक मी शोधलीय. आणि पक्क्या नोकरीचे कागद सोबत पाठवा."

साहेबाने मान डोलावली. मी तशीच, तोंड उघडं. माझ्याआधी बोलणारी या घरात आजवर कोणी नव्हती.