चौदा दिवसांचा मुक्काम

मी एक मोटरहोम. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, आणि मध्ये गॅसची शेगडी, बेसिन अन् तिघांनी गुडघे आवरून बसायचं टेबल. एवढाच माझा संसार. अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात १९७४ साली माझा जन्म झाला. माझा पहिला मालक कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा निवृत्त पोस्टमन होता. तो मला इतकं जपायचा की आत यायच्या आधी बूट काढायचा. तो वारला आणि १९८२ मध्ये सांता क्लाराच्या श्रीरंगने मला विकत घेतलं.

श्रीरंग मूळचा नागपूरचा, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याची बायको सुलेखा लग्नाआधी नागपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. मुलगी मृणाल, बडबडी. तीन उन्हाळे आम्ही मजेत हिंडलो. माझ्या पडद्यांना मोहरीच्या फोडणीचा वास लागला तो तेव्हापासून.

मग १९८५ साली चिपचा धंदा बसला आणि श्रीरंगची नोकरी गेली. वर्षभरात घरही गेलं. त्याने कुणाला कळू दिलं नाही. कॉलेजपासूनचा मित्र गिरीश, त्यालाही त्याने ॲरिझोनात कन्सल्टिंग मिळाल्याची थाप मारली. नागपूरला आईवडिलांना लिहिलं, लांबच्या सहलीला निघालोय.

"सहा आठवडे फक्त," तो सुलेखाला म्हणाला. "मृणालला सुट्टी आहेच. शाळा सुरू व्हायच्या आत आपण सेटल होऊ."

"आणि तोवर राहायचं कुठे?"

"ही आहे ना." त्याने माझ्या दारावर थाप मारली.

सुलेखाने माझ्याकडे पाहिलं. सहलीला निघताना ती माझ्याकडे असं कधीच बघत नसे.

आम्ही सिएरा डोंगरांच्या पूर्वेला गेलो. तिथे मैलोन् मैल सरकारी जमीन आहे. कुणीही यावं, गाडी लावावी, राहावं. भाडं नाही, परवानगी नाही. पण नळ नाही, वीज नाही, गटार नाही. पाणी माझ्या टाकीत असेल तेवढंच, दिवा माझ्या बॅटरीत जोर असेल तोवरच. आणि नियम असा की एका जागी चौदा दिवस. पंधराव्या दिवशी बिऱ्हाड हलवायचं.

पहिले काही दिवस मृणालला गंमत वाटली. मग तिने रंगीत दगड गोळा करणं सोडून दिलं. सुलेखा तांदूळ धुतलेलं पाणी डाळीत घालायची, ताटं ओल्या फडक्याने पुसायची, अंघोळीला मुलीला एक तांब्या द्यायची आणि स्वतः टॉवेल भिजवून अंग पुसायची. दुपारी माझा पत्रा इतका तापायचा की तिघं माझ्या सावलीत, माझ्याच चाकांना टेकून सतरंजी टाकून बसत. समोर क्षितिजापर्यंत काही आडवं येत नव्हतं. दाही दिशा मोकळ्या आणि त्यांना जायला एकही जागा नव्हती.

दर मंगळवारी आम्ही गावात जात असू. पेट्रोल पंपावर पाणी भरायचं, घाण पाण्याची टाकी रिकामी करायची, आणि श्रीरंगने फोन बूथमधून कंपन्यांना फोन करायचे. सुलेखा मृणालला घेऊन दुकानात जायची. मी मात्र बूथच्या अगदी समोर उभी असे.

पहिल्या महिन्यात तो खरंच बोलायचा. नंतर एका मंगळवारी मी पाहिलं, रिसीव्हर कानाला होता आणि डाव्या हाताचं बोट हुकवर दाबलेलं होतं, म्हणजे फोन बंदच. सुलेखा दुकानातून बाहेर आली तशी तो मान हलवायला लागला. "येस सर. शुअर सर." पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्यापुढच्या मंगळवारीही तेच.

"काय म्हणाले?" ती गाडीत बसताना विचारायची.

"दोन आठवड्यांत कळवतील."

मला हॉर्न होता, दिवे होते, पण बोलायला तोंड नव्हतं. त्या तिघांइतकीच मीही अडकले होते.

सप्टेंबर उजाडला. शाळेची पिवळी बस लांबच्या हायवेवरून जाताना दिसली की मृणाल खिडकीपाशी यायची. एकदा वनखात्यासारख्या खाकी वेषातली एक उंच रेंजरबाई आली. चौदा दिवस झाल्याची आठवण तिने नरमाईने करून दिली आणि मुलीकडे बघून विचारलं, शाळा? श्रीरंग म्हणाला, पुढच्या आठवड्यात. बाई गेली. सुलेखा बराच वेळ दारात उभी होती.

सप्टेंबरअखेरच्या मंगळवारी पंपावर पाण्याची नळी माझ्या टाकीत असताना मागून हाक आली.

"श्रीरंग! अरे यार, तू इथे?"

गिरीश होता, बरोबर बायको शोभा. दोघं डोंगरातले पानगळीचे रंग बघायला आले होते.

"ॲरिझोना कॅन्सल केलं का?" गिरीशने विचारलं.

"नाही, नाही. जरा ब्रेक घेतलाय. दोन दिवस."

शोभा मृणालच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मग शाळा बुडवली वाटतं, लबाड?"

"आय डोन्ट हॅव अ स्कूल, शोभामावशी," मृणाल म्हणाली. "वी लिव्ह इन धिस."

नळीतून पाणी ओसंडून माझ्या चाकांवर वाहायला लागलं. कुणी बंद करेना. शेवटी गिरीशने नळ बंद केला आणि श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्याकडे चला. आत्ताच. एक खोली रिकामीच आहे."

श्रीरंगने हात झटकला. "पाणी भरून झालंय. निघू दे."

त्या दिवशी त्याने मला जसं हाकललं तसं कधी कुणी हाकललं नव्हतं. ओळखीची वाट सोडून तो आत घुसला, आणखी आत, जिथे कुणी ओळखीचं येणार नाही अशा जागी. एका कोरड्या ओढ्यात माझी मागची चाकं वाळूत बसली. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. मी रुतत गेले. खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

इंजिन बंद झाल्यावर सुलेखाने विचारलं, "दर मंगळवारी तुम्ही कुणाला फोन करता?"

त्याने किल्ली काढली, परत घातली.

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "ऑगस्टपासून कुणालाच नाही. तेच तेच 'सॉरी' ऐकवत नव्हतं गं."

ती रागावली नाही. रडलीही नाही. "तुम्हाला लपायचं होतं, मला समजतं," ती म्हणाली. "पण मला आणि हिला कशाला लपवलंत? आमची कसली चोरी?"

सकाळी तिने दोन बाटल्या पाण्याने भरल्या, मृणालच्या डोक्याला ओढणी बांधली.

"थांब, मी चाकं उकरतो. तासाभराचं काम आहे," श्रीरंग म्हणाला.

"तुम्ही उकरा. आम्ही चालत निघतो." दोन पावलं जाऊन ती वळली. "येताय?"

त्याने फावडं खाली ठेवलं नाही.

डांबरी रस्ता सहा मैलांवर होता. माझ्या आरशात त्या दोघी ठिपक्याएवढ्या होईपर्यंत दिसत होत्या. दुपारी तीच रेंजरबाई जीपमधून पाणी घेऊन आली. बायको-मुलगी सुखरूप आहेत, गावात थांबलेल्या तुमच्या मित्राबरोबर आहेत, येता का, तिने विचारलं. श्रीरंग म्हणाला, गाडी सोडून कसा येऊ?

चार दिवस तो माझ्यात एकटा राहिला. उकरायचं त्याने दुसऱ्याच दिवशी सोडलं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंग धरून ठेवायचा, जणू आम्ही कुठे चाललोच आहोत. पाचव्या दिवशी त्याने उरलेल्या पाण्यात दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि किल्ली माझ्यातच ठेवून चालू लागला. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

पुढचं मला ओढून काढणाऱ्या आणि आपल्या कुंपणात ठेवणाऱ्या माणसाच्या बोलण्यातून हळूहळू कळत गेलं. सुलेखाला गावातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मदतनिसाचं काम मिळालं, म्हणून तिघंही तिथेच राहिले. मृणाल शाळेत जाऊ लागली. श्रीरंग आधी टीव्ही दुरुस्त करायचा; दोन वर्षांनी त्याला जवळच्या वीजकेंद्रात नोकरी लागली. नागपूरला पाठवायचं पत्र मात्र सुलेखाने त्याच्या शेजारी बसून त्याच्याच हातून लिहून घेतलं, सगळं खरं खरं.

मी आता गावाबाहेर एका कुंपणात उभी आहे. सांगाडा वाकलाय, टायर बसलेत, काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी आहे. मागच्या वसंतात मृणाल आली होती, तेरा वर्षांची, मैत्रिणीला घेऊन. टेबलाशी बसून पाहिलं तर गुडघे मावेनात. "इट वॉज सो स्मॉल," एवढंच म्हणाली आणि दार हळूच लावून गेली.

मला कुणी घेतलंच तर एक विनंती आहे. माझ्यात भांडीकुंडी भरा, पोरंबाळं भरा, त्या मोकळ्या जमिनीवर खुशाल घेऊन चला. चौदा दिवस राहा. पण आधी घराला कुलूप लावून निघा, आणि त्याची किल्ली खिशात आहे ना, तेवढं बघून घ्या.